शिक्षकांची मासिक बैठक

सभेत वक्ता एक आणि श्रोते अनेक, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की श्रोत्यांपाशीही काही ज्ञान असते, याचा विसर पडतो. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले. शिक्षकांची मासिक बैठक हा त्याचा प्राण होता. वर्गात फसलेला प्रयोग शिक्षक तेथे मांडीत. चारचौघांत अपयश सांगणे कोणत्याही शिक्षकाला सोपे नसते. परंतु शेजारच्या शाळेतील शिक्षकाचीही तीच अडचण निघे, आणि वाट सापडे. विद्यापीठांतील शास्त्रज्ञही या कार्यात सहभागी होते. ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके शिक्षकांच्या अशा अनुभवांवरून सुधारली गेली. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. शिक्षकांची ही हक्काची बैठकही त्याबरोबर मोडली.