दाजीपूरचं रान आणि आपली बॅच
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय पुढच्या वर्षीच्या सहलीचा. वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे असायचं, तेव्हा आज तरी मागचे बाक शांत राहतील अशी आशा आहे.

आपल्या ग्रुपवर मध्यंतरी आल्प्समधल्या एका दरीचे फोटो फिरत होते. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘असं काही आपल्याकडे कुठं?’ आहे की! राजारामपुरीतून पहाटे निघालं तर हळदी, परिते, भोगावती करत राधानगरी, पुढं फेजिवडे, आणि साधारण ऐंशी किलोमीटरवर दाजीपूर. तिथून रस्ता फोंडा घाटानं कोकणात उतरतो. वनस्पतिशास्त्र शिकवण्याच्या निमित्तानं मी तिकडे किती वेळा गेले, ते मोजलेलं नाही.

आल्प्समध्ये बर्फ वितळलं की थोड्याच आठवड्यांत सगळं उरकायचं असतं : उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. आपल्या सड्यांवर बर्फाचं काम पाऊस करतो. उन्हाळ्यात जांभ्याचा तो सपाट कातळ तव्यासारखा तापतो. पावसात त्याच कातळावर बोटभर माती आणि पाणी साठतं, आणि पाऊस ओसरताना निळी-जांभळी सीतेची आसवं, पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा असा एकेकाचा नंबर लागतो. त्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच. म्हणून सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव इवल्या पिशव्यांत ओढून घेते आणि दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांवर किडे पकडते. चिमटीत मावेल एवढं रोप शिकार करतं, हे मी पोरांना गुडघ्यावर बसवून दाखवायची. उभ्यानं ते दिसत नाही.

सड्याच्या कडेला रान सुरू होतं. अंजनी, जांभूळ, हिरडा. वर शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेपावतं, ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो. आणि गवा. हजार किलोच्या आसपास वजनाचा हा प्राणी समोर आला की कॅमेरा काढायचं सुचत नाही. तो आपल्याकडे बघतो, आपण जीपमध्ये गप्प बसतो. २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूरच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि शहराजवळ एका तरुणाचा जीव गेला, हे तुम्हाला आठवत असेलच. तेव्हा गव्याला कुणी गाय समजू नये.

हे रान राहिलं ते आपोआप नव्हे. संस्थानच्या काळात ते शिकारीसाठी राखीव होतं. शाहू महाराजांनी याच खोऱ्यात भोगावतीवर धरणाचं काम काढलं, मुलीच्या नावानं राधानगरी वसवली. महाराज १९२२ मध्ये गेले, धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. गव्यांसाठी अभयारण्य १९५८ चं. १९८५ मध्ये ते वाढवून साडेतीनशे चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. एका अंगाला राधानगरीचं पाणी, दुसऱ्या अंगाला काळम्मावाडीचं. २०२३ च्या दिवाळीत थेट पाईपलाईननं कोल्हापुरात आलं ते पाणी या दुसऱ्या धरणाचं. एवढं सांगितलं की ‘जंगलाचा आपल्याला काय उपयोग’ हा प्रश्न मी ऐकूनच घेत नाही.

सहलीच्या पत्रकात मात्र एक शब्द आहे, ‘मानवी स्पर्श न झालेली दरी’. त्याबद्दल बोलायचंय. आपल्या वर्गात बोर्डिंगात राहणारा एक मुलगा होता. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि नाव घ्यायचं नाही असं त्यानं मला बजावलंय. (वळून बघू नका!) त्याचं घर याच रानातल्या एका धनगरवाड्यावर होतं. आपल्याला शनिवारी अर्धी शाळा, त्याला मात्र घरी जायला मे महिनाच. पुढं तो वाडा उठला. बदल्यात मिळालेली जमीन खडकाळ निघाली आणि त्याच्या वडिलांची म्हसरं दोन वर्षांत विकली गेली.

गेल्या वर्षी तो मला तिथं घेऊन गेला. जोत्याचे दगड, त्यांवर शेवाळ, मागं एक फणस. फणसाला अजून फळ धरतं, ते अस्वलं खातात. तो बराच वेळ फणसाखाली उभा होता. मग म्हणाला, “रान राखलं ते बरंच झालं, मॅडम. गुरं चरली असती तर हे एवढं दाट झालं नसतं. पण इथं कोणच नव्हतं असं तेवढं लिहू नका.” वर्गात मला तो नावानं हाक मारायचा, त्या दिवशी मॅडम का म्हणाला, ते मी विचारलं नाही.

तर संयोजकांना विनंती, पत्रकातला तो शब्द काढावा.

आणि सहलीचं म्हणाल, तर वाट दाखवायला तो तयार आहे. अटी त्याच्या आहेत : साऊंड बॉक्स नाही, तिथं चूल पेटवायची नाही, जेवण डब्यातून, आणि एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं नाहीत. म्हणजे आपल्याला तीन खेपा कराव्या लागतील. पावसाळ्यात सफारी बंद असते, म्हणून दिवाळीनंतरचे तीन रविवार धरले आहेत. आपल्या बाईंना आणि सरांना पहिल्या खेपेत जीपमध्ये पुढची जागा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तसं लिहावं, फणसापर्यंत चढ थोडाच आहे.

नावांची वही दाराशी आहे. जेवायच्या आधी लिहा, नंतर कुणी सापडत नाही.