पुढच्या प्रकरणाची तजवीज

कादंबरीकाराला आपल्या कथेचा शेवट आधी ठाऊक असावा की नसावा, हा वाद जुना आहे. शेवट ठरवून लिहिले तर पात्रे लेखकाच्या हातची बाहुली होतात, असे एक पक्ष म्हणतो; आधी बांधणी केली नाही तर कादंबरी भरकटते, असे दुसरा. कथानकाच्या रचनेचे महत्त्व आपल्याकडे ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधना’त हिरिरीने मांडले. हा वाद तत्त्वचर्चेने मिटेल असे मला वाटत नाही. एखाद्या कसलेल्या लेखकाच्या मेजावर डोकावले, तर मात्र काही उमगते.

चार्ल्स डिकन्सचे उदाहरण घेऊ. त्याच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाल्या. आपल्या हरिभाऊ आपट्यांनीही ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून हप्त्यांनीच दिली. पहिला हप्ता वाचकांच्या हाती पडे तेव्हा डिकन्सचा शेवटचा हप्ता लिहिलेलाही नसे. आणि एकदा छापून गेलेले मागे घेता येत नसे. आयुष्याचे तरी याहून निराळे काय असते? १८४६ साली ‘डॉम्बी अँड सन’ सुरू केल्यापासून मासिक हप्त्यांच्या कादंबऱ्यांसाठी त्याने एक शिरस्ता पाळला. प्रत्येक हप्त्याला एक ताव. उजव्या भागात प्रकरणांची नावे आणि त्यांतील प्रसंग. डाव्या भागात स्वतःसाठी सूचना आणि स्वतःलाच विचारलेले प्रश्न. अमुक पात्र या महिन्यात आणावे काय? हे गुपित आताच फोडावे काय? प्रश्नासमोर उत्तर : होय, नाही, किंवा इतक्यात नको. (सरकारी कागदी फाइलीतही टिपणी डावीकडे आणि पत्रव्यवहार उजवीकडे असतो, हे आठवून मला आमच्या पेशाचा क्षणभर अभिमान वाटला!) कोणता प्रश्न अजून उघडा आहे, याची ही लेखी आठवण मला त्या तावाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते.

संसारात आपण ही डावी बाजू बहुधा कोरीच ठेवतो. तरुण माणूस नोकरीला लागतो, बँकेत खाते उघडतो आणि वारस म्हणून आईचे नाव लिहितो. पुढे लग्न होते, मुले होतात, आई निवर्तते. तो कागद आहे तसाच राहतो. मग एके दिवशी त्याची पत्नी आमच्यासारख्यांच्या मेजासमोर येऊन बसते. कोठे वारसाचा दाखला हवा, कोठे हमीपत्र, कोठे सर्व भावंडांच्या सह्या. पैसा तिचाच असतो, आणि मुलाची फी भरण्याची तारीख काही थांबत नाही. तो गृहस्थ निष्काळजी होता असेही नव्हे. विजेचे देयक त्याने कधी चुकवले नसेल. परंतु स्वतः नसलेला प्रसंग डोळ्यांसमोर आणणे माणसाला नको असते. घरात मृत्युपत्राचा विषय काढून पाहा. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून आपल्याला गप्प बसवतील.

डिकन्सने तो प्रसंग डोळ्यांसमोर आणला होता. एप्रिल १८६९ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे डॉक्टरांनी त्याचा जाहीर वाचनांचा दौरा बंद पाडला. त्यानंतर ‘एडविन ड्रूड’ या नव्या कादंबरीचा करार झाला, तेव्हा पूर्वी कधी न घातलेले एक कलम त्याने त्यात घालवून घेतले. कादंबरीचे बारा हप्ते पूर्ण होण्यापूर्वी आपण मरण पावलो अथवा लिहिण्यास असमर्थ ठरलो, तर प्रकाशकांना किती रक्कम परत द्यावी हे आपला मित्र जॉन फॉर्स्टर याने ठरवावे. फॉर्स्टरही नसला तर सरकारच्या मुख्य कायदेशीर सल्लागाराने. मित्रही आपल्याआधी जाऊ शकतो, इथवर त्याची नजर पोहोचली होती.

८ जून १८७० रोजी तो दिवसभर लिहीत होता. संध्याकाळी जेवणाच्या मेजावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. सहा हप्ते झाले होते, सहा राहिले. पैशाचा निवाडा कोणी करावा, हे कागदावर होते. एडविन ड्रूडचे पुढे काय झाले, याचा उलगडा करणारा ताव मात्र मागे राहिला नव्हता. दीडशेहून अधिक वर्षे वाचक तो आपापल्या परीने लिहीत आले आहेत.