पाटी नव्हे, आधी ओळख

जूनमध्ये शाळेच्या दाराला तोरण लागतं, पहिलीच्या मुलांच्या हाती फूल दिलं जातं. प्रवेशोत्सव हौसेनं होतो. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गात मुलाला आपलं असं काय सापडतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

हे विचारणाऱ्याही होत्या. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी गावात बालवाडी काढली. गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये काम सुरू झालं. मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षकही कुरणात गेले, ती कुरणशाळा. महागडी साधनं परवडणारी नव्हती. खडे, बिया, शिंपले, पानं यांवरच मोजणी चाले. आणि कोणतं पान कुठल्या झाडाचं, हे शहरातून आलेल्या बाईंपेक्षा पाड्यावरच्या पोराला जास्त ठाऊक! मला तर वाटतं, निम्मं काम इथंच झालं. वर्गात एका तरी गोष्टीत मूल जाणतं असावं आणि बाई नवख्या.

आज मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, सातपुड्यातलं पावरी. ‘नीट बोल’ म्हणून चारदा टोकलं की ते गप्प होतं. मग आपण त्यालाच लाजाळू ठरवतो. त्यापेक्षा बाईंनी रोज एखादा शब्द त्याच्याकडूनच शिकावा, चुकावं, वर्गाला हसू द्यावं. याला शासन निर्णय लागत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वेगळंच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं कोयता घेऊन निघतात, ती हंगाम संपल्यावर परततात. तोवर त्या मुलाच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असतं. हजेरी घेताना त्याचं नाव गाळू नका. ‘तो कारखान्यावर गेलाय’ हे वर्गातल्या मुलांनाच सांगू द्या. परतल्यावर ‘इतके दिवस कुठं होतास?’ असं दरडावण्याऐवजी फडातल्या गोष्टी विचारा. मोळ्या कशा बांधतात, गाडीत किती बसतात, हे त्यानं फळ्याजवळ येऊन सांगावं. त्या दिवशीचा गणिताचा तास त्याच मोळ्यांवर घ्या.