कोंड्याचा मांडा

(राष्ट्रीय पोषण महिन्यानिमित्त ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'कोंड्याचा मांडा करून संसार करणे' हा मराठीतील जुना वाक्प्रचार आहे. मांडा हा सणासुदीचा, नाजूक हाताने करावयाचा पदार्थ. तर कोंडा म्हणजे धान्य कांडून-पाखडून झाल्यावर मागे उरणारा भुसा. या दोहोंमधील अंतर पैशाने नव्हे, तर गृहिणीच्या कौशल्याने तोडले, असा या शब्दांचा आशय आहे. ज्या समाजाने हा वाक्प्रचार घडविला, त्या समाजाला काटकसरीने रांधणे ही कमीपणाची गोष्ट वाटत नव्हती. ती त्याला एक कलाच वाटत होती. मात्र या वाक्प्रचारात एक प्रश्नही दडलेला आहे. कोंड्याचा मांडा झाला तेव्हा तो कुणाच्या पानात पडला? आणि ज्या दिवशी मांडा झाला नाही, त्या दिवशी कोंडा कुणी खाल्ला? काटकसरीच्या आहाराचा विचार करताना या प्रश्नाला बगल देता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के अन्न घराघरांतून टाकले गेले. याचा अर्थ असा की, अन्नाची नासाडी ही केवळ लग्नसमारंभांची वा उपाहारगृहांची बाब नाही. तिचे मूळ घरच्या चुलीपाशीही आहे. आणि जे मूळ घरात आहे, त्यावरचा उपायही घरातच सापडतो.

शिळ्याचे ताजे

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला हा उपाय नवा नाही. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कुस्करून तिला कांदा, मिरची व शेंगदाण्याची फोडणी दिली की न्याहारी होते. तीच ताकात कालवली की उन्हाळ्यातील दुपारचे जेवण होते. पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, नाही तर गूळतूप घालून मुलांसाठी लाडू. उरलेल्या वरणात पाणी व चिंचगूळ घालून, कणकेची फळे सोडून शिजविली की वरणफळे तयार. घट्ट वरण कणकेत मळले तर त्याच पोळीत डाळीची प्रथिनेही येतात. भात उरला तर फोडणीचा भात आहेच. त्यात बेसन, कांदा व कोथिंबीर मिसळून थालीपीठही उत्तम होते.

या सर्व कृतींमध्ये एक सूत्र आहे. शिळा पदार्थ तसाच पानात वाढावयाचा नाही. त्यात काही नवे घालावयाचे, त्याला पुन्हा चूल दाखवावयाची आणि मग तो सर्वांनी मिळून खावयाचा. उरलेले अन्न आणि नवा पदार्थ यांत फरक आहे तो इतकाच.

टाकलेला पाला, विसरलेले धान्य

दुसरी नासाडी डोळ्यांना दिसत नाही, कारण ती स्वयंपाकाच्या आधीच होते. मुळा घरात येतो, त्याचा पाला उकिरड्यावर जातो. वस्तुतः कॅल्शियमच्या बाबतीत हा पाला कंदापेक्षा कितीतरी पटींनी सरस आहे. दोडक्याच्या शिरा तीळ व मिरचीबरोबर परतून वाटल्या की चटणी होते. लाल भोपळ्याच्या बिया वाळवून, सोलून, भाजून खाता येतात. कोकणात फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून पावसाळ्यासाठी राखून ठेवण्याची रीत आहे. भाजीची टंचाई असते तेव्हा त्याच आमटीला आधार देतात. शेवग्याच्या शेंगा बाजारात जातात, पण त्याचा पाला दारात असूनही अनेक घरांच्या ताटात येत नाही.

धान्यकडधान्यांचेही तसेच झाले आहे. नाचणीमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते नाममात्रच. तरीही नाचणीची आंबील अनेक ठिकाणी आजारी माणसापुरती उरली. हुलग्याचे शेंगोळे व माडगे, कोकणातील कुळथाची पिठी, ज्वारीच्या ताककण्या, खानदेशातील कळण्याची भाकरी, कारळ्याची व जवसाची चटणी, राळ्याचा भात यांपैकी किती पदार्थ आज शाळकरी मुलांना नावाने तरी ठाऊक आहेत, याचा शोध शिक्षकांनी घेण्यासारखा आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ते वर्ष सरले. पण आठवड्यातून दोन वेळा जरी घरात भरडधान्याची भाकरी वा आंबील झाली, तरी त्याचे सार्थक होईल.

भरडधान्ये मागे पडण्याला एक कारण मानसिकही आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली आणि घरोघर परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकऱ्या थापल्या गेल्या. त्या पिढीने जाडेभरडे अन्न सोसले आणि पुढील पिढीला पांढरा भात व गव्हाची पोळी मिळावी, अशी इच्छा धरली. ती इच्छा स्वाभाविक होती. परंतु त्या ओघात गरिबीबरोबर गुणकारी अन्नही उंबऱ्याबाहेर गेले.

काटकसरीची मर्यादा

काटकसर म्हणजे आंबलेले, विटलेले अन्न पोटात ढकलणे नव्हे. शिजविलेला भात तासन्‌तास उबदार जागी राहिला तर त्यात जे जंतू वाढतात, त्यांचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून भात उरणार असे दिसताच तो पसरट भांड्यात मोकळा करून लवकर निववावा व शीतकपाटात ठेवावा; दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. शीतकपाट नसेल तेथे बेतानेच शिजवावे, हा सर्वांत स्वस्त उपाय. भाकरी कोरडी असल्याने रात्रभर टिकते. रस्सा, खोबऱ्याचे वाटण घातलेली आमटी व मासे-मटण तसे टिकत नाही. वास, बुरशी वा तार दिसली की ते अन्न माणसाच्या पानात जाता कामा नये.

रानभाज्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. टाकळा, कुर्डू, घोळ, भारंगी या भाज्या पहिल्या पावसाबरोबर फुकट मिळतात. पण ओळख पटल्यावाचून एकही पान तोडू नये. अळू चिंचेवाचून खाजते आणि शेवळाही आंबट फळाच्या साहाय्याने नीट शिजविले नाही तर घशाला खाज आणते. हे ज्ञान पुस्तकापेक्षा गावातील वृद्ध स्त्रियांपाशी अधिक आहे.

शेवटचे पान

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. पुष्कळ घरांत आजही पुरुष व मुले आधी जेवतात आणि घरची स्त्री सर्वांच्या मागून पान घेते. भाजी संपलेली असते, वरणाचे पाणी राहिलेले असते, कालची भाकरी डब्यात असते. 'टाकायचे कसे?' असे म्हणून ती तीच भाकरी मिरचीबरोबर खाते. घराची काटकसर झाली, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात ती काटकसर एकाच शरीरातून वसूल झालेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु शेवटचे पान हेही त्यांतील एक आहे, हे नाकारता येत नाही.

म्हणूनच शिळ्याचे ताजे करण्याच्या कलेला केवळ बचतीपलीकडे अर्थ आहे. कालची भाकरी सकाळी फोडणीला पडली आणि सर्वांच्या ताटलीत सारखी वाढली गेली, तर तिचा भार एकटीवर पडत नाही. पालेभाजी व कडधान्याबरोबर लिंबाची फोड घेतल्यास त्यांतील लोह शरीराला अधिक लागू पडते. जेवणाबरोबरचा चहा ते लागू देत नाही. या साध्या गोष्टी घरातील पुरुषांनाही ठाऊक असावयास हव्यात.

गावाने काय करावे?

पंचायत सदस्यांना या कामी एक साधन उपलब्ध आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावच्या रानभाज्या, जुनी वाणे आणि त्यांच्या पाककृती जाणत्या स्त्रियांकडून विचारून या नोंदवहीत उतरविल्या, तर ते ज्ञान त्यांच्याबरोबर संपणार नाही. शाळेच्या परसबागेत शेवगा, कढीपत्ता व अंबाडी सहज येते आणि मध्यान्ह भोजनाच्या वरणात त्यांचा पाला पडू शकतो. विद्यार्थ्यांनी आठवडाभर 'घरात काय उरले, त्याचे काय केले आणि ते कुणी खाल्ले' अशी तीन रकान्यांची नोंद ठेवावी. पहिल्या दोन रकान्यांतून काटकसर शिकता येईल. तिसरा रकाना घराला विचार करावयास लावील.

कोंड्याचा मांडा करण्याची कला या मातीत आहे. ती टिकवावयाची असेल तर मांडा सर्वांच्या पानात पडला पाहिजे, आणि रांधणारीचे पानही सर्वांबरोबरच मांडले गेले पाहिजे.