सहाव्या वर्षी येणारी दाढ

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)

बचत आणि कर्जफेडीचं बोलून झालं, चहा यायचाय. तेवढ्या वेळात मी दातांबद्दल बोलणार आहे. हसू नका, विषय आपल्या पोरांचा आहे.

माझी आजी १९५० च्या आसपास शाळेत जायची. मी तिला विचारलं, तुमच्या शाळेत डॉक्टर यायचे का गं? म्हणाली, "यायचा की, देवी टोचणारा. तो दिसला की आम्ही मागच्या दारानं पळायचो." आणि दातांचा? "दातांना कसला आलाय डॉक्टर!" दात ठणकला की लवंग धरायची, नाहीतर मशेरी लावायची. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ठणका थांबावा म्हणून आठव्या वर्षी दिलेली चिमूट आजीला साठ वर्षं सुटली नाही. (मागच्या रांगेत दोन डब्या पदराखाली गेल्या, मी बघितलं हं!)

पण यात तिच्या आईला बोल लावून काय उपयोग? १९४६ साली भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल दिला. त्यात हिशोब आहे: तीन लाख माणसांमागे एक दंतवैद्य. आणि जे होते ते बहुतेक शहरात. दातांचं काम कोणी करावं याचा कायदाच मुळी १९४८ साली झाला. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून होतं. गिरणीत कामाला असलेल्या बापाजवळ लालबाग-परळला राहणारं पोर निदान तिथवर पोचू शकत होतं. त्याचंच भावंडं इकडे गावी आईजवळ असलं तर? मुंबईला जायला आगबोट, आणि पावसाळ्यात तीसुद्धा बंद. तेव्हा लवंगच.

शाळेत मुलं तपासायची कल्पना मात्र जुनी आहे. १९०९ साली बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. आपल्या देशातली ती पहिली म्हणतात. पुढे १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी सरकारनं समिती नेमली. म्हणजे कागदावर पोरांची काळजी होती. पण नुसतं "दात किडलाय" असं लिहून दात बरा होत नाही ना. तो भरणारं माणूस लागतं.

ते माणूस न्यूझीलंड देशानं कुठून आणलं ते ऐका. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती व्हायला आलेल्या तरुणांचे दात इतके किडलेले निघाले की सरकार हादरलं. डॉक्टर पुरेसे नव्हते. मग १९२१ पासून त्यांनी तरुण मुलींना दोन वर्षांचं शिक्षण देऊन दंतपरिचारिका केलं आणि शाळेच्या आवारातच खोली बांधून दिली. त्या मुली पोरांचे दात तपासायच्या, भरायच्या, काढायच्या. कीड कोरायचं यंत्र पायानं चालवायचं, आपल्या शिलाई मशीनसारखं! पोरं त्या खोलीला खाटीकखाना म्हणायची, इतकी घाबरायची. तरी उपचार शाळेतच व्हायचा. १९४९ मध्ये मलायातल्या पेनांगलाही अशा मुलींची शाळा निघाली. आपल्याकडे अशी बाई गावोगावच्या शाळेत आली नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण हे काम आपल्यातल्या कितीतरी मुलींनी झकास केलं असतं.

आता आजच्याकडे येऊ. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यात दातही बघतात. पुढचा उपचार लागला तर चिठ्ठी देतात, आणि तो सरकारी रुग्णालयात मोफत असतो. म्हणजे आजीच्या वेळी डॉक्टर नव्हता. आता डॉक्टर आहे, पण चिठ्ठी फळीवर राहते.

हे मी कुणाला टोमणा म्हणून बोलत नाहीये. मी तिसरीत असताना माझ्या शाळेतही तपासणी झाली होती. खालची दाढ किडली म्हणून लिहून दिलं. आई म्हणाली, दुधाची आहे, पडेल आपोआप. कागद देव्हाऱ्यामागे गेला. दहावीला ऐन परीक्षेत गाल सुजला आणि ती दाढ काढावी लागली. तेव्हा कळलं की ती दुधाची नव्हतीच.

ही चूक घरोघरी होते, म्हणून नीट ऐका. दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एक नवीन दाढ येते. तिच्या आधी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळतच नाही. ती कायमची. गेली की पुन्हा येत नाही. आज घरी गेल्यावर पहिली-दुसरीतल्या पोराला उजेडात बसवा, आ करायला लावा आणि दोन्ही बाजूंना, वर-खाली, मागे बघा. दाढेच्या खाचेत तपकिरी-काळी रेघ किंवा खड्डा दिसला तर दुखायची वाट बघू नका. लहान खड्डा एका खेपेत भरून होतो. ठणका लागल्यावर मज्जातंतूपर्यंत कीड गेलेली असते, मग खेपा वाढतात, नाहीतर दाढ काढावी लागते.

आणि रात्री झोपताना ब्रश. सकाळचा सगळे करतात, रात्रीचा कोणी नाही. पाच रुपयांच्या पाकिटातलं चिकट पीठ रात्रभर दाढेत बसतं. चाकरमानी मे महिन्यात पिशवीभर चॉकलेटं आणतात त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मला ते जमलेलं नाही.

अडचण कुठली ते मला माहीत आहे. एका पोरासाठी मजुरी बुडवायची, एसटीनं जायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून माझं म्हणणं असं, की वाडीतल्या चिठ्ठ्या गटात गोळा करा आणि एकाच दिवशी सगळी पोरं न्या. दोन ताई गेल्या तरी पुरे. फक्त दात काढायचा असेल तर त्या पोराची आई किंवा वडील बरोबर लागतील. गाडीभाड्याला गटातून हजार-पाचशेचं अंतर्गत कर्ज द्यायला काय हरकत आहे? आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच की.

पुढच्या सभेला पासबुकाबरोबर ती चिठ्ठी घेऊन या. हरवली असेल तरी लाजू नका, नवा केसपेपर काढूनही दात दाखवता येतात.