जुनी सायकल पुन्हा रस्त्यावर

घोडपदेवच्या चाळीत जिन्याखाली जुनी रॅले, हर्क्युलिस किंवा वरळीत बनलेली हिंद सायकल धूळ खात असेल, तर ती भंगारात घालू नका. बऱ्याच वर्षांनी पाना हाती घेताना आधी क्रँकची कॉटर पिन, म्हणजे पेडलचा दांडा आसाला पक्का धरणारी खीळ पाहा. ती गंजून घट्ट बसते. तेल सोडून रात्रभर ठेवा. मग ती ठोकून काढताना क्रँकला खालून भक्कम आधार द्या, नाहीतर आतल्या छऱ्यांना आणि वाट्यांना मार बसतो. छर्रे रॉकेलने धुऊन नवं ग्रीस भरा. जुन्या रॅलेच्या वाट्यांना इंचाला २६ आटे असतात, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. एकीच्या वाट्या दुसरीला बसत नाहीत, म्हणून मूळ वाट्या जपून ठेवा. ब्रेकचे रबर कडक झाले असतील, तर बदला. ब्रेक नीट लागल्याची खात्री केल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.