वजन वाढवा

भौतिकोपचार क्षेत्रातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. आपण म्हाताऱ्या माणसांना फार हलका व्यायाम देतो.

आपल्या ओपीडीत येणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजी डोळ्यांपुढे आणा. उठताना त्या आधी खुर्चीच्या कडेला सरकतात, दोन्ही हात मांड्यांवर रोवतात, एक झोका घेतात आणि परत बसतात. दुसऱ्या झोक्याला कशाबशा उभ्या राहतात. जमिनीवर बसणं त्यांनी कधीच सोडलेलं असतं. त्यापाठोपाठ एसटीची पायरी सुटते, मग माहेरचं लग्नकार्य. आपण काय करतो? घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पट्टी बांधून दहा वेळा पाय सरळ करायला सांगतो. काही महिन्यांनी त्या परत येतात, तेव्हाही तीच पट्टी, तेच दहा. घरी त्या उचलतात ती भाजीची पिशवी याहून जड असते.

1990 साली मारिया फिआतारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना वजनं उचलायला लावली. तीही साधीसुधी नव्हेत. ज्याला एका वेळी जेवढं उचलता येई, त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत. आठ आठवडे नऊ जण टिकले आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! पुढे 1994 मध्ये याच गटाने शंभर जणांवर अभ्यास केला. ज्यांना व्यायामाविना नुसतं पोषक पेय दिलं, त्यांचा अशक्तपणा हटला नाही. मुलांनी प्रेमाने आणून दिलेला प्रोटीनचा डबा कपाटात ठेवून निश्चिंत झालेल्या घरांना हे आपणच सांगायला हवं.

वयाबरोबर सगळ्यात जास्त झिजतात ते जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू. न्हाणीघरात पाय घसरला की क्षणात तोल सावरतात तेही हेच. स्नायूंवर पुरेसा भार आल्याशिवाय किंवा ते चांगले दमल्याशिवाय हे तंतू कामाला लागत नाहीत. "मी रोज सकाळी चालतो" म्हणणाऱ्या आजोबांचं चालणं हृदयासाठी उत्तम आहे, ते चालूच ठेवावं. पण त्याने हे काम होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम वेगळे सांगितले आहेत, ते उगाच नव्हे.

काळजी घ्यायची ती घेऊच. आटोक्यात नसलेला रक्तदाब, छातीत दुखणं, ताजं फ्रॅक्चर, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. उचलताना श्वास रोखू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर आजींना धीर द्यायचा. सांधा सुजला तर भार कमी करायचा. पण नुसत्या भीतीपोटी कमी भार देणं मला मान्य नाही. दुबळ्या पायांमुळे पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं आपण सगळेच पाहतो.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या कागदावर वजन किती, किती वेळा, आणि ते कधी वाढवायचं, हे तिन्ही लिहा. पहिल्या भेटीत खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला किती सेकंद लागले, तेही तिथेच नोंदवा. आणि ज्यांच्या विभागातली वजनं दोन किलोंवर संपतात, त्यांनी पुढच्या खरेदीत पाच आणि दहा किलोंची मागणी घालावी.